युरेनस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीतून शनी दाखवला की माणसं हरखून जातात. त्याच दुर्बिणीतून युरेनस दाखवला की डोळा बाजूला घेत विचारतात, “एवढाच?” गेली बरीच वर्षं मी लोकांना हा ग्रह दाखवतो आहे, आणि त्या ‘एवढाच?’नंतर जे प्रश्न सुरू होतात ते मला फार आवडतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. बर्फ, जमीन, दिवस, उन्हाळा हे आपले रोजच्या वापरातले शब्द या ग्रहापाशी पोहोचले की अपुरे पडतात. कुठला शब्द कुठे अपुरा पडतो ते कळलं की अर्धा ग्रह कळला असं समजा.

युरेनस म्हणजेच हर्षल का?

हो. पंचांगातला हर्षल, जुन्या पुस्तकांतला प्रजापती आणि युरेनस, तिन्ही एकच. ‘हर्षल’ हे नाव विल्यम हर्शेलवरून आलं. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ इथे, राहत्या घराच्या बागेतून आकाश न्याहाळताना त्याला हा ग्रह दिसला. दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासून बनवलेला होता. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. आन्द्रेस लेक्सेल आणि इतरांनी कक्षेचं गणित मांडलं, ती जवळजवळ वर्तुळाकार निघाली आणि मग हा ग्रह आहे यावर शिक्कामोर्तब झालं. युरेनस हे नाव योहान बोडे याने सुचवलं.

त्याआधीही तो लोकांच्या नजरेला पडला होता. जॉन फ्लॅमस्टीडने १६९० मध्येच त्याची नोंद केली होती, पण वृषभ राशीतला एक तारा म्हणून. ग्रह इतका सावकाश सरकतो की एका रात्रीत त्याची हालचाल लक्षात येणं कठीणच.

तो नेमका किती मोठा आहे?

विषुववृत्ताशी व्यास ५१,११८ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या चौपट. आत ६३ पृथ्व्या मावतील. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या फक्त साडेचौदा पट. याचा अर्थ ज्या पदार्थाचा तो बनला आहे तो पृथ्वीच्या मानाने बराच हलका आहे. सरासरी घनता पाण्याच्या सव्वापटीहून किंचित जास्त, १.२७ भरते. पृथ्वीची ५.५ आहे.

नेपच्यूनशी तुलना केली तर गंमत दिसते. नेपच्यूनचा व्यास युरेनसपेक्षा थोडा कमी, ४९,५२८ किलोमीटर, पण वजनाला तो भारी, पृथ्वीच्या सतरा पट. भावंडं म्हणावीत इतके सारखे असले तरी त्यांना जुळं म्हणायला मी तयार नाही. कारण पुढे येईलच.

‘बर्फाळ महाग्रह’ म्हणजे बर्फाचा प्रचंड गोळा का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. त्यामुळे इथे जरा सविस्तर सांगतो.

ग्रहविज्ञानात पाणी, अमोनिया आणि मिथेन यांना सरसकट ‘बर्फ’ म्हणायची पद्धत आहे. सूर्यमाला तयार होत असताना, सूर्यापासून दूरच्या थंड भागात हे पदार्थ गोठलेले होते आणि ग्रह घडवायला कच्चा माल म्हणून वापरले गेले, म्हणून हे नाव. आज ते कुठल्या अवस्थेत आहेत याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. गुरू आणि शनी प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे, म्हणून ते वायू महाग्रह. युरेनसमध्ये हायड्रोजन-हेलियमचं आवरण तुलनेने पातळ आहे. वस्तुमानाचा ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग या ‘बर्फां’चा असावा असं सध्याचं चित्र आहे.

आणि हे ‘बर्फ’ तापलेलं आहे! ढगांच्या थराखाली जसजसं उतरावं तसतसा दाब आणि तापमान दोन्ही वाढत जातात. गाभ्याजवळ तापमान सुमारे ५,००० अंशांच्या घरात असावं आणि दाब आपल्या हवेच्या दाबाच्या लाखो पट. अशा ठिकाणी पाणी वाफ होऊन उडू शकत नाही, कारण वरचा दाब त्याला सोडत नाही. ते घट्ट, उकळत्या, वीजवाहक द्रवासारखं होतं. आणखी दाब वाढला तर ऑक्सिजनचे अणू स्फटिकात जागच्या जागी अडकतात आणि हायड्रोजनचे आयन (विद्युतभारित अणू) त्यांच्यामधून द्रवासारखे वाहत राहतात. एकाच वेळी घन आणि प्रवाही. पाण्याच्या या अवस्थेचे पुरावे गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेत, अतिशय शक्तिशाली लेझरच्या साहाय्याने पाणी दाबून मिळाले आहेत. ही अवस्था काळीभोर दिसते. तेव्हा बर्फ म्हटल्यावर डोळ्यासमोर पांढरा, गार तुकडा येत असेल तर तो पुसून टाका.

त्यावर यान उतरवता येईल का?

उतरायला जमीनच नाही. वातावरण हळूहळू दाट होत जातं, दाटाचं द्रव होतं आणि ‘इथे हवा संपली, इथे समुद्र लागला’ अशी रेघ कुठेच येत नाही. यान खाली खाली जात राहील आणि दाबाने चिरडलं जाईल. व्यास मोजताना जो ‘पृष्ठभाग’ धरतात तो सोयीसाठी ठरवलेला आहे. वातावरणाचा दाब जिथे १ बार, म्हणजे पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो साधारण तितका, ती पातळी.

तिथे माझं वजन किती भरेल?

त्या १ बारच्या पातळीवर, पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे नव्वद टक्के. ६० किलोचा माणूस ५४ किलोचा. ग्रह साडेचौदा पट जड असूनही असं होतं, कारण केंद्रापासूनचं अंतरही चौपट आहे.

हिऱ्यांचा पाऊस पडतो हे खरं आहे का?

तशी शक्यता गांभीर्याने मांडली जाते. कोणी पाहिलेला मात्र नाही. मिथेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. खोलवरच्या दाबाखाली मिथेन फुटतो, कार्बन वेगळा होतो, त्याचे हिरे बनतात आणि ते जड असल्याने गाभ्याच्या दिशेने बुडत जातात, असा तो विचार. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात संशोधकांनी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकवर लेझरचा जबरदस्त धक्का दिला. त्या धक्क्यात अतिसूक्ष्म हिरे तयार होताना क्ष-किरणांनी टिपले गेले. २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांसाठी वापरतात त्या पेट प्लास्टिकवर तसाच प्रयोग झाला. त्यात कार्बन-हायड्रोजनबरोबर ऑक्सिजनही असतो, म्हणून तो या ग्रहांच्या अंतरंगाला जास्त जवळचा. तिथेही हिरे मिळाले. ‘पाऊस’ हा शब्द मात्र जपून वापरा. हे सगळं आकाशात घडत नाही, ग्रहाच्या पोटात हजारो किलोमीटर खोल घडतं.

रंग हिरवट-निळा का? आणि नेपच्यून जास्त निळा कसा?

वरच्या वातावरणात साधारण ८३ टक्के हायड्रोजन, १५ टक्के हेलियम आणि दोन टक्क्यांच्या आसपास मिथेन आहे. रंग ठरतो तो या दोन टक्क्यांमुळे. मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, उरलेला निळा-हिरवा परत येतो. त्यावर धुरक्याचा थर पसरलेला असल्याने एकूण छटा फिकट दिसते.

नेपच्यूनच्या त्या गडद निळ्या चित्राबद्दल मात्र एक खुलासा करायलाच हवा. अमेरिकेच्या व्हॉयेजर-२ या यानाने १९८९ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत ढगांचे बारकावे उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केले होते. तशी नोंदही त्या वेळी केली होती, पण चित्र जगभर पसरलं आणि नोंद मागे राहिली. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी रंगांची नव्याने जुळणी केली. दोन्ही ग्रह जवळपास सारख्याच फिक्या हिरवट-निळ्या रंगाचे आहेत, नेपच्यून किंचित निळसर इतकंच. गडद निळा नेपच्यून मीही वर्षानुवर्षं दाखवत आलो होतो. आता दाखवत नाही.

तिथे सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणे?

ढगांच्या माथ्यावर हायड्रोजन सल्फाइड आहे, हे २०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सिद्ध झालं. सडक्या अंड्याला वास येतो तो याच वायूचा. अर्थात वास घेण्याइतकं तिथे कोणी तगणार नाही.

नेपच्यून आणखी लांब असूनही युरेनस जास्त थंड कसा?

युरेनसच्या वातावरणात मोजलेलं सर्वांत कमी तापमान उणे २२४ अंश सेल्सिअस आहे. कुठल्याही ग्रहाच्या वातावरणातला हा नीचांक. सूर्यापासूनचं अंतर पाहिलं तर हा मान नेपच्यूनला मिळायला हवा होता.

उत्तर ग्रहाच्या पोटातल्या उष्णतेत आहे. महाग्रह जन्माच्या वेळी तापलेले असतात आणि ती उष्णता ते अजून बाहेर टाकत असतात. नेपच्यून सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेतो त्याच्या अडीच पटीहून जास्त बाहेर टाकतो. व्हॉयेजर-२ ने युरेनसची मोजणी केली तेव्हा जमा-खर्च जवळजवळ सारखा निघाला, जणू आतली भट्टी विझली आहे. जुळं म्हणायला मी तयार नाही म्हटलं ते याचमुळे. अनेक दशकं हे कोडं होतं. २०२५ मध्ये जुन्या-नव्या निरीक्षणांची एकत्र छाननी झाली आणि युरेनसही मिळालेल्या ऊर्जेपेक्षा सुमारे १२ ते १५ टक्के जास्त बाहेर टाकतो असं दिसलं. भट्टी विझलेली नाही, मंद आहे. ती मंद का, याची दोन कारणं मांडली जातात. एक, पुरातन काळी झालेल्या मोठ्या टकरीत बरीच उष्णता निघून गेली असावी. दोन, आतल्या थरांमध्ये असा काही अडसर असावा की खालची उष्णता वर येत नाही.

ग्रह आडवा आहे म्हणजे नक्की काय? तिथे ऋतू कसे असतात?

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. युरेनसचा जवळपास ९८ अंशांनी. म्हणजे तो कुशीवर निजल्यासारखा सूर्याभोवती फिरतो.

हे वाचून नीट समजत नाही, करून पाहावं लागतं. मुलांना मी असं दाखवतो. एका मऊ चेंडूतून पेन्सिल आरपार घाला. टेबलाच्या मध्यभागी दिवा ठेवा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. आता पेन्सिल टेबलाला समांतर, आडवी धरा आणि तिचं टोक खोलीतल्या एकाच भिंतीकडे राहील असं सांभाळत चेंडू दिव्याभोवती फिरवा. एका जागी पेन्सिलीचं टोक थेट दिव्यावर येतं आणि पुढचा अर्धा चेंडू उजळतो. चेंडू पेन्सिलीभोवती कितीही गरगर फिरवा, मागचा अर्धा अंधारातच राहतो. पाव फेरी पुढे या. आता दिवा बाजूने पडतो आणि फिरवलं की आपल्यासारखे दिवस-रात्र होतात. आणखी पाव फेरी, आणि मघाशी अंधारात असलेलं टोक दिव्यासमोर. मुलं इथे हमखास थांबतात आणि चेंडू पुन्हा मागे नेऊन खात्री करून घेतात.

युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. म्हणजे एकेका ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं उजेड आणि मग ४२ वर्षं रात्र. व्हॉयेजर-२ पोहोचलं तेव्हा दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता. २००७ मध्ये संपात झाला, सूर्य विषुववृत्तावर आला. आता उत्तर ध्रुव सूर्याकडे वळतो आहे आणि या दशकाच्या अखेरीस तिथला उन्हाळा ऐन भरात येईल. उन्हाळा म्हटलं तरी ऊब अशी नाहीच. इतकंच नव्हे, ध्रुवांना इतका सलग उजेड मिळूनही व्हॉयेजरला ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानात फारसा फरक आढळला नव्हता.

आडवा झाला कसा, याचं सर्वाधिक मान्य उत्तर टक्कर हेच आहे. पृथ्वीहून मोठं एखादं पिंड, सूर्यमालेच्या बालपणी, तिरकं येऊन आदळलं असावं. एकापेक्षा जास्त टकरी झाल्या असंही काही जण मानतात.

तिथला दिवस किती तासांचा?

१७ तास १४ मिनिटं आणि काही सेकंद. जमिनीवरची खूण धरून मोजायला जमीनच नसल्याने चुंबकीय क्षेत्र किती वेळात फिरतं ते मोजतात. हबल दुर्बिणीने दहा वर्षांहून अधिक काळ तिथल्या ध्रुवीय प्रकाशाचा माग ठेवला आणि २०२५ मध्ये जाहीर झालेला आकडा व्हॉयेजरच्या मोजणीपेक्षा २८ सेकंदांनी जास्त निघाला. ही तफावत किरकोळ वाटेल, पण जुन्या आकड्यातल्या सूक्ष्म चुकीमुळे काही वर्षांतच चुंबकीय ध्रुव कुठे आहेत हे सांगता येईनासं झालं होतं.

चुंबकीय क्षेत्राचं एवढं कौतुक का?

कारण ते वाकडं तर आहेच, शिवाय केंद्र सोडून आहे. चुंबकीय आस परिवलनाच्या आसाशी ५९ अंशांचा कोन करतो, आणि क्षेत्राचा मध्य ग्रहाच्या केंद्रापासून त्रिज्येच्या जवळजवळ एक तृतीयांश सरकलेला आहे. पृथ्वीचं क्षेत्र लोखंडी गाभ्यात तयार होतं. इथे ते बहुधा मघाशी सांगितलेल्या वीजवाहक ‘बर्फा’च्या थरात, गाभ्यापासून बरंच वर तयार होत असावं. ग्रह फिरताना हे वाकडं क्षेत्र गोते खातं आणि सूर्याकडून येणाऱ्या सौरवाऱ्याला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या झोताला, कधी आत वाट मिळते, कधी नाही.

युरेनसलाही कडी आहेत का?

आहेत, तेरा. ती सापडली त्याची हकिकत मला फार प्रिय आहे.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर उडत होते. ताऱ्याचा प्रकाश ग्रहामागे जाताना कसा मंदावतो त्यावरून वातावरणाचा अभ्यास करायचा, एवढाच बेत. नेमकी वेळ सांगता येत नव्हती म्हणून त्यांनी नोंद बरीच आधी सुरू केली. आणि ग्रह ताऱ्यासमोर यायला अजून अर्धा तासाहून जास्त अवकाश असताना कागदावरची रेघ एकदम खाली आली. पुन्हा वर गेली. थोड्या वेळाने पुन्हा खाली. असं पाच वेळा. ग्रह पुढे सरकला, तारा दुसऱ्या बाजूने बाहेर आला आणि तितक्याच अंतरांवर तेच झोके उलट्या क्रमाने उमटले. दोन्ही बाजूंना सारखेच झोके म्हणजे भोवताली कडी! आपल्याकडच्या कावलूर वेधशाळेतूनही जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी त्याच पिधानाची (ग्रहाआड तारा झाकला जाण्याची) नोंद घेतली होती.

ही कडी शनीसारखी रुंद, झगझगीत नाहीत. बहुतेक काही किलोमीटर रुंदीची आणि कोळशासारखी काळी. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात काढलेल्या छायाचित्रांत मात्र ती लखलखताना दिसतात.

चंद्र किती?

आतापर्यंत २९. शेवटचा २०२५ मध्ये जेम्स वेबच्या छायाचित्रांत सापडला. मोठे पाच : मिरँडा, एरियल, अम्ब्रियल, टायटॅनिया आणि ओबेरॉन. सर्वांत मोठा टायटॅनियाही आपल्या चंद्राच्या निम्म्याहून लहान आहे. मिरँडावर अंदाजे २० किलोमीटर उंचीचा एक कडा आहे. तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण की वरून सोडलेला दगड तळाशी पोहोचायला सुमारे बारा मिनिटं लागतील.

तिथे काळोख असेल ना?

वाटतो तितका नाही. सूर्य पृथ्वीपेक्षा १९ पट लांब आहे, त्याच्या प्रकाशाला पोहोचायला २ तास ४० मिनिटं लागतात, आणि ऊन आपल्या उन्हाच्या साधारण ३७० व्या हिश्शाइतकं पडतं. पण भर दुपारच्या उन्हाचा ३७० वा हिस्सा म्हणजे चांगला दिवा लावलेल्या खोलीइतका उजेड. पुस्तक सहज वाचता येईल. भरधाव यानातून फोटो काढायला मात्र तो कमी. म्हणून व्हॉयेजर-२ च्या वेळी अभियंत्यांनी अख्खं यान हळूच फिरवत कॅमेरा लक्ष्यावर रोखून धरला.

हे सगळं आपल्याला एका यानामुळेच कळलं?

जवळून, हो. २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ ढगांच्या माथ्यापासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेलं. आजवरची ती एकमेव भेट. त्या वेळी ग्रह जवळपास कोरा दिसला आणि ‘नीरस’ हा शिक्का बसला. तो अन्यायाचा होता. संपात जवळ आला तसे हबल आणि केक दुर्बिणींना तिथे तेजस्वी ढग दिसले, २००६ मध्ये एक काळा डाग दिसला, ताशी ९०० किलोमीटरपर्यंतचे वारे मोजले गेले. शिवाय २०२४ मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा कळलं की व्हॉयेजर पोहोचण्याच्या थोडंच आधी सौरवाऱ्याच्या झोताने तिथलं चुंबकीय आवरण दाबलं गेलं होतं. ज्या अवस्थेत ग्रह क्वचितच असतो त्या अवस्थेत आपण त्याला पाहिलं आणि तेच त्याचं नेहमीचं रूप मानलं.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी पुढच्या दशकासाठी मोठ्या मोहिमांचा प्राधान्यक्रम लावला, त्यात युरेनसभोवती फिरणारं यान आणि वातावरणात सोडायचा शोधक यांना पहिलं स्थान दिलं. माझ्या मते हा निर्णय व्हायला उशीरच झाला. इतर ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांत या आकारमानाचे ग्रह भरपूर आहेत, आणि आपल्या दारातल्या अशा ग्रहाकडे आपण एकदाच, तेही धावत्या भेटीत, पाहिलं आहे.

मला तो कसा पाहता येईल?

अगदी काळोख्या जागी, डोळे अंधाराला सरावले असतील तर तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. बायनॉक्युलरमधून सहज दिसतो, पण ताऱ्यासारखाच. म्हणून आधी नकाशावरून त्याच्या आजूबाजूचे तारे नीट ओळखून घ्या.

खरी ओळख दुर्बिणीत पटते. कमी वर्धनाच्या भिंगाने तो मध्यभागी आणा, मग जास्त वर्धनाचं भिंग लावा. शेजारचे तारे बिंदूच राहतील. हा मात्र किंचित फुगेल, कडा गोल होतील आणि एक अगदी छोटी, शांत, हिरवट चकती दिसेल. लुकलुकणार नाही. घाई करू नका, पाचेक मिनिटं डोळा तिथेच ठेवा. हवा क्षणभर स्थिरावते तेव्हा ती चकती एकदम स्वच्छ होते.